कोरड्या रात्रीचं पाणी

बागेतल्या शेडचं काम आमच्याकडे आलं की मी ते फार मनावर घेत नसे. आठ बाय दहा फुटांची लाकडी खोली, आत फावडी, रिकाम्या कुंड्या, गवत कापायचं यंत्र. जागा साफ करायची, सपाट करायची, खडी टाकून दाबायची, सुतार येऊन उभी करून जातो. तीन दिवसांचं काम. त्या तिसऱ्या दिवसाने मला जरा जमिनीवर आणलं, म्हणून लिहितोय.

जागा उतारावर होती. मालक निवृत्त गृहस्थ, आम्ही त्यांना काका म्हणायचो. पहिल्या भेटीतच त्यांनी सांगितलं, "निचऱ्याची काळजीच करू नका. वीस वर्षं बघतोय, इथं पाणी कधी थांबलेलं नाही." त्यांचं खोटं नव्हतं. गवत एकसारखं वाढलेलं, शेवाळ कुठे नाही, पायाखाली माती भुसभुशीत. तरी निचरा तपासायला मी माझा नेहमीचा खड्डा घेतला. एक फूट खोल, पाण्याने काठोकाठ भरला, ते पाणी जिरू दिलं आणि पुन्हा भरून घड्याळ लावलं. पहिलं पाणी मोजायचं नसतं, ते कोरडी माती पिऊन टाकते, दुसरंच खरं. तासाला एक इंच जिरलं तरी आम्ही जागा चांगली म्हणतो. इथं पूर्ण फूटभर पाणी दोन तासांच्या आत गडप झालं. मी वहीत "निचरा उत्तम" असं लिहून खाली रेघ मारली. ती रेघ अजून आहे वहीत.

उतार मोजायला लेव्हल ट्यूब वापरली, म्हणजे पाणी भरलेली पारदर्शक नळी, जिच्या दोन्ही टोकांना पाणी एकाच उंचीवर राहतं. लेझरची यंत्रं आमच्याकडे आहेत, पण एवढ्याशा जागेसाठी मला पाण्याची नळी बरी वाटते. फक्त नळीत बुडबुडा राहता कामा नये. एक बुडबुडा अडकला तर दोन टोकांचं पाणी वेगवेगळी उंची दाखवतं आणि माणूस स्वतःच्या डोळ्यांवर संशय घेत बसतो. दहा फुटांत बावीस इंच उतार निघाला. शेडची लांब बाजू उताराला आडवी ठेवली, म्हणजे कापायचं अंतर कमीत कमी. शेडच्या चारी बाजूंना एकेक फूट मोकळी खडी हवी, म्हणून खुंट्या ठोकल्या दहा बाय बाराच्या. कर्ण दोन्हीकडून सारखे आले, म्हणजे कोपरे काटकोनात, मग लाईनदोरी ताणली.

आता उतार सपाट करायचे दोन मार्ग. वरचं कापून खालच्या बाजूला भराव घालायचा, किंवा सगळंच कापायचं. पहिल्यात निम्मी मेहनत, पण भरावावर माझा विश्वास नाही. सहा-सहा इंचांचे थर देऊन प्रत्येक थर धुम्मसने किंवा मशीनने ठोकला तर भराव टिकतो. तसं ठोकायला पाहिजे हे सगळ्यांना माहीत असतं आणि चौथ्या थराला सगळ्यांचे हात दुखायला लागतात. मग वर्षभराने शेडचा खालचा कोपरा बसतो आणि दार चौकटीत अडकतं. म्हणून मी सगळं कापायचं ठरवलं. वरच्या कडेला बावीस इंच अधिक खडीसाठी सहा, म्हणजे अठ्ठावीस इंच खोदाई, खालच्या कडेला फक्त सहा. एकूण १७० घनफुटांच्या आसपास माती. दोन दिवस तीन माणसं टिकाव-फावडी घेऊन राबली. वरची सुपीक माती वेगळी रचली, काकांच्या वाफ्यांना. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तळाला लेव्हल लावली तर या टोकापासून त्या टोकापर्यंत पाव इंचाचाही फरक नाही. मी त्या तळाचा फोटो काढला.

तिसऱ्या दिवशी सकाळी प्लेट कॉम्पॅक्टर (जमीन ठोकून दाबायचं मशीन) घेऊन पोचलो तर तळात पाणी.

वरच्या कापलेल्या भिंतीच्या पायथ्याशी बारा फूट लांबीची चकचकीत ओळ आणि मध्यभागी घोट्याएवढं डबकं. रात्री पाऊस नव्हता. आदल्या रात्रीही नव्हता. शेवटचा मोठा पाऊस काम सुरू व्हायच्या आठवडाभर आधीचा. काका काठावर उभे होते, ते मला काही बोलले नाहीत, आणि त्याचंच जास्त वाईट वाटलं.

पहिला संशय अर्थातच पाईपलाईनवर. खोदताना कुठेतरी टिकाव लागला असणार. घराचा मुख्य व्हॉल्व्ह बंद केला, मीटर बघितलं, काटा जागचा हलत नव्हता. डबकं घमेल्याने उपसून कोरडं केलं आणि तासभर वाट बघितली. ओळ पुन्हा चकाकायला लागली. म्हणजे पाईप नव्हे.

आमचे मामा (नात्याने कोणाचेच मामा नाहीत, पण सगळे तेच म्हणतात) तोपर्यंत कापलेल्या भिंतीसमोर उकिडवे बसून बोटाने माती कोरत होते. म्हणाले, "इकडे या. हे बघा, इथपर्यंत माती आणि इथून खाली वेगळंच काहीतरी."

वरून वीस इंचांवर रंग बदलत होता. वर तपकिरी, भुसभुशीत. खाली राखाडी चिकण माती आणि त्यात नारिंगी डाग. तो रंग ओळखीचा होता. जी माती वर्षातला बराच काळ पाण्याखाली असते, तिला हवा मिळत नाही आणि तिच्यातल्या लोहाचा रंग उडून ती राखाडी होते. जिथे मुळांच्या वाटेने थोडी हवा पोचते तिथे गंज चढल्यासारखे नारिंगी ठिपके पडतात. मी चिमूटभर घेऊन तळहातावर वळली तर शेवयांसारखी लांब वळली गेली, तुटेना. या थरातून पाणी खाली जाणं जवळजवळ अशक्य.

मग सगळं उलगडलं. काकांच्या जागेत पाणी थांबत नव्हतं हे खरं, पण ते खोल जिरत होतं असं नाही. पाऊस वीस इंच मातीतून सरसर खाली जायचा, चिकण मातीवर आपटायचा आणि तिच्या पाठीवरून, जमिनीच्या आतून, उताराच्या दिशेने चालत राहायचा. सपाट जमिनीत असा थर असता तर पाणी वर येऊन दिसलं असतं. उतारावर ते न दिसता पुढे निघून जात होतं. वीस वर्षं. आणि मी बरोबर त्याच्या वाटेत अठ्ठावीस इंचांचा काप घेतला होता. आदल्या संध्याकाळी दिसलं नाही, कारण फावड्याने चिकण माती सारवल्यासारखी होते आणि पाणी झिरपायची तोंडं बुजतात. रात्रभरात ती तोंडं उघडली.

माझा परीक्षेचा खड्डा एक फुटाचा, आणि खोदाई सव्वादोन फुटांची. ज्या जमिनीवर शेड बसणार होती त्या जमिनीची परीक्षा मी घेतलीच नव्हती. तिच्या वरच्या मातीची घेतली होती, जी काढून मी वाफ्याशेजारी ढीग करून ठेवली होती. हे काकांना सांगायला थोडा वेळ लागला.

ते म्हणाले, "मग काँक्रीट टाका सरळ. प्रश्नच नको." हा उपाय लोकांना फार आवडतो. पण काँक्रीटने पाणी थांबत नाही, फक्त दिसेनासं होतं. स्लॅबखाली चिकण माती ओली-कोरडी होत राहते, फुगते, आक्रसते. शिवाय आमच्या तळाचा वरचा साडेतीन फुटांचा पट्टा चिकण मातीवर आणि उरलेला मऊ मातीवर होता. दोन स्वभावांच्या जमिनीवर एक अखंड लादी घातली की तडा कुठे जाणार ते आधीच आखून देता येतं.

कॉम्पॅक्टर मात्र मी चालू केला असता, खरं सांगतो. भाड्याने आणलेलं मशीन समोर उभं असलं की हात शिवशिवतात. मामांनी नुसता पाय आपटून दाखवला. पायाभोवतीची जमीन स्पंजसारखी हलली आणि बुटाच्या कडेने पाणी वर आलं. ओल्या चिकण मातीवर मशीन फिरवलं तर ती दाबली जात नाही, तिचा चिखल होतो. मशीन परत पाठवलं.

कापाच्या तीन फूट वर, उताराला आडवा चर घ्यायचा ठरला. चिकण माती वीस इंचांवर, म्हणून चर चोवीस इंच, म्हणजे त्या थरात चार इंच रुतलेला. तेवढं रुतलं नाही तर पाणी चराखालून निघून जातं आणि सगळी मेहनत फुकट. सोळा फुटांचा आडवा चर, मग उजव्या बाजूने वळून खाली मोकळ्या उतारापर्यंत. डावीकडे शेजाऱ्यांचं कुंपण होतं. आपलं पाणी दुसऱ्याच्या दारात सोडणं हा निचरा नव्हे. आडव्या भागाला शंभराला एक असा उतार, सोळा फुटांत दोन इंच. पुन्हा लेव्हल ट्यूब.

चरात आधी जिओटेक्स्टाईल कापड पसरलं (पाणी जाऊ देतं, माती अडवतं), वर थोडी २० मिलिमीटरची खडी, मग चार इंची छिद्रांचा पाईप. आमच्यातला तरुण मुलगा पाईप छिद्रं वर करून ठेवत होता. त्याला वाटलं पाणी वरून पडणार, तर भोकं वर हवीत. दिसायला बरोबर आहे. पण पाणी चराच्या तळाशी साठतं आणि खालून वर चढतं. छिद्रं खाली असली की चढलेलं पाणी लगेच पाईपात शिरतं. वर असली तर पाईपाच्या उंचीएवढं पाणी साठेपर्यंत पाईप कोरडाच. मग पाईप फिरवला, वर खडी भरली, कापड दोन्हीकडून दुमडून घेतलं, त्यावर माती. काही जण वरपर्यंत खडी उघडी ठेवतात, म्हणजे पृष्ठभागाचं पाणीही त्यातच जाईल. मला ते पटत नाही. वरचं पाणी गाळ घेऊन येतं आणि दोन-चार वर्षांत खडी बुजते. त्याच्यासाठी वेगळा उथळ, गवताचा चर वर काढून दिला.

संध्याकाळी चर पुरा झाला तेव्हा कोणीच घरी जायचं नाव काढेना. सगळे खालच्या टोकाशी, पाईपाच्या तोंडाजवळ. आधी काही नाही. मग पाईपाच्या कडेला एक थेंब जमला, लोंबकळला, पडला. थोड्या वेळाने बारीक धार. गढूळ, मग स्वच्छ. काका म्हणाले, "अरे, हे तर झराच काढलात तुम्ही."

त्यानंतर दोन दिवस तळ उघडा ठेवला. वरची चकचकीत ओळ हळूहळू मंद होऊन गेली. मग माझा तो फोटोतला सपाट तळ मी मोडला. वरून खाली दहा फुटांत दोन इंच उतार दिला. सपाट चिकण मातीत खडी भरली की ती खडीची बादली होते, पाऊस आत येतो आणि बसून राहतो. लेव्हल हवी ती खडीच्या माथ्याला, तळाला उतार हवा. खडी टोकदार, फोडलेल्या दगडाची. नदीतले गुळगुळीत गोटे एकमेकांत अडकत नाहीत, कितीही ठोका, पायाखाली सरकतात. खालच्या कडेच्या दगडांत जागोजागी फटी ठेवल्या. वरच्या कापाला कोरड्या दगडांची भिंत रचली, फुटाला एक इंच मागे झुकलेली, पहिला थर जमिनीत गाडून. सिमेंट मुद्दाम नाही, दगडांच्या सांध्यांतून पाणी येऊ शकलं पाहिजे. शेडच्या छपराला पन्हळ लावून तिचं पाणी खालच्या बाजूला नेलं, कारण २५ मिलिमीटर पाऊस पडला तर आठ चौरस मीटरच्या छपरावरून २०० लिटर पाणी एका जागी कोसळतं.

नंतर एक चांगला झड लागला. पाऊस थांबल्यावर चौथ्या दिवशी काकांचा फोन. त्यांनी पाईपाखाली लिटरचं मापटं धरलं होतं. तीन मिनिटांत भरलं. म्हणजे दिवसाला ४८० लिटर, पाऊस थांबून चार दिवस झाल्यावर. आकडेमोड त्यांनी आधीच केली होती, मला फक्त तपासायला सांगत होते.

मामांना सांगितलं तर ते म्हणाले, "त्यांना विचारा, तिथं आळू लावलाय का."