बर्मी बोलणाऱ्याची पट्टी कोणती?

बर्मी भाषेवर काम करतो म्हटलं की हमखास विचारणा होते, "तिथे सुराने अर्थ बदलतो ना? मग खर्जातल्या आवाजाचा माणूस वरच्या सुरातला शब्द म्हणणार कसा?" तुम्हीही विचारलंत, म्हणून लिहितो.

निम्मं उत्तर तुमच्या कानातच आहे. गवयाने काळी एकमध्ये भूप गायला काय नि गायिकेने काळी चारमध्ये, आपल्याला तो भूपच ऐकू येतो. पुरुष बोलताना आवाज साधारण १२० हर्ट्झच्या आसपास असतो, बाईचा २०० च्या. ऐकणारा समोरच्याची पट्टी धरतो आणि त्यावरून उंच-नीच ठरवतो.

पण बर्मीची खरी गंमत पुढे आहे. चार शब्द घ्या. त्यांची अक्षरं देवनागरीत उतरवली तर खा, खाः, ख, खत् अशी होतात. (लिपी ब्राह्मीच्याच कुळातली, विसर्गासकट.) अर्थ अनुक्रमे हलवणं, कडू असणं, सेवेत असणं, ठोकणं. पहिला खालच्या सुरात, आणि उरलेले तिन्ही वरच्या! नुसत्या उंचीवर त्यांची वाटणी होणार कशी? 'खाः' लांबतो, शेवटी उतरतो, कधी त्यात श्वास मिसळतो. 'ख' घसा आवळून, करकरत येतो. 'खत्'मधला 'त्' आता कुणी उच्चारत नाही. त्या जागी स्वरतंतू गपकन मिटतात आणि आवाज तिथेच तुटतो.

हा 'ख' 'प्रात'मध्ये उघडून पाहावा. ॲम्स्टरडॅम विद्यापीठात तयार झालेलं, आवाजाचं विश्लेषण करणारं हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. सूर दाखवणारी निळी रेघ नीट चालत येते आणि करकर सुरू झाली की तुटते, नाहीतर एकदम निम्म्यावर आदळते. कानाला सूर एवढा उतरल्यासारखा अजिबात वाटत नाही. स्वरतंतूंचे ठोके विरळ आणि वेडेवाकडे पडायला लागतात, म्हणून यंत्राचा हिशेब चुकतो. लहरी मोठ्या करून पाहिल्या की ते ठोके डोळ्यांनी मोजता येतात. निव्वळ त्या रेघेवरून तक्ते छापणाऱ्यांची मला चीड येते. अशा वेळी आवाजातल्या पहिल्या दोन हार्मोनिकांचा (मूळ सूर आणि त्याच्या दुप्पट कंपनांचा सूर) जोर ताडून पाहावा: श्वास मिसळलेल्या आवाजात पहिला ठळक, आवळलेल्या घशात दुसरा वरचढ.

तुमची शंका खरं तर मिझोरामच्या मिझो भाषेला जास्त लागू पडते. ती याच तिबेटी-बर्मी कुटुंबातली. उंच, नीच, चढता, उतरता असे तिचे चार सूर, आणि तिथे मुख्य काम उंचीचंच.