पंप घरात आहे, पण औषध छातीत जातंय का?

बाळदमा असलेल्या पोराच्या घरात पंप असतो, स्पेसर (पंप आणि तोंड यांच्या मधे लावायची पोकळ नळी) असतो, डॉक्टरांची चिठ्ठीही असते. तरी रात्री दोन वाजता छाती घुरघुरायला लागते आणि "पंपानं काही गुण येत नाही" असं ठरवून टाकलं जातं. पुष्कळदा दोष औषधाचा नसतो. ते छातीपर्यंत पोचलेलंच नसतं, किंवा दोन पंपांपैकी बंद करू नये तोच बंद केलेला असतो.

आधी दोन पंपांचं. शेतातली ठिबकची नळी डोळ्यांसमोर आणा. नळीत आतून क्षार धरलाय आणि वरून कुणाचा तरी पाय पडलाय. पाय उचलला की पाणी येतं, पण क्षार तसाच राहतो. दम्यात श्वासनळीला आतून सूज असते, चिकट कफ असतो आणि अटॅक आला की नळीभोवतीचा स्नायू आवळतो. तातडीचा पंप, म्हणजे साल्ब्युटामॉल, पाय उचलतो. पाच-दहा मिनिटांत मोकळं वाटतं आणि चार-सहा तासांत असर संपतो. रोजचा पंप (ब्युडेसोनाइड, फ्लुटिकासोन वगैरे) सूज उतरवतो. त्याचा फरक जाणवायला एक-दोन आठवडे लागतात, पुरता परिणाम दिसायला दोन-तीन महिने. अटॅकमध्ये एकटा रोजचा पंप मारून तातडीच्या पंपाचं काम होत नाही. पोर खेळायला लागलं की बंद होतो तो नेमका हा रोजचाच, कारण तो चालू असल्याचं डोळ्यांना दिसत नाही. साधारण तीन महिने त्रास नसेल तर डॉक्टर डोस उतरवतात. तो निर्णय घरी घ्यायचा नाही. रंगावरून पंप ओळखू नका, कंपनी बदलली की रंगही बदलतो. डबीवरचं नाव वाचा आणि मार्करनं मोठ्या अक्षरांत "रोज" आणि "तातडी" लिहून ठेवा.

"पंपाची सवय लागते, त्यापेक्षा पातळ औषध बरं," हे आजीच नाही तर शिकलेली माणसंही म्हणतात. हिशोब करून बघा. पंपाच्या एका पफमध्ये, म्हणजे एकदा दाबल्यावर निघणाऱ्या फवाऱ्यात, साल्ब्युटामॉल 100 मायक्रोग्रॅम. नेहमीच्या सिरपच्या एका चमच्यात, 5 मिलिलिटरमध्ये, 2 मिलिग्रॅम, म्हणजे वीस पफांइतकं. ते पोटातून रक्तात आणि रक्तातून सगळ्या अंगभर फिरतं, म्हणून हात थरथरतात, छाती धडधडते, आणि गुण यायला वेळ लागतो तो वेगळाच. रोजच्या पंपातल्या स्टेरॉइडनं उंची थोडी कमी वाढू शकते, हे खरं. पण हा फरक साधारण सेंटीमीटरभराचा. दर महिन्याला अटॅक आणि तोंडातून स्टेरॉइडचा कोर्स, हे त्याहून महागात पडतं.

आता पद्धत. पंप चार-पाच वेळा नीट हलवा. नवा असेल किंवा आठवडाभर वापरला नसेल तर आधी दोन-तीन पफ हवेत सोडा, नाहीतर पहिला डोस अपुरा येतो. चार-पाच वर्षांखालच्या पोराला स्पेसरला मास्क हवाच. तो नाक आणि तोंड दोन्हींवर घट्ट बसला पाहिजे. कडेनं फट राहिली की औषध खोलीत जातं. पोराला मांडीवर ताठ बसवा, झोपवून देऊ नका. एक पफ दाबा आणि मास्क तसाच धरून पाच-सहा श्वास मोजा. स्पेसरची झडप हलताना दिसते किंवा टिकटिक ऐकू येते, तीच खूण. मग अर्धा मिनिट थांबा, पुन्हा हलवा, दुसरा पफ. दोन पफ एकदम मारून मोकळं व्हायचं, ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक. थेंब एकमेकांना चिकटून जड होतात आणि स्पेसरच्या भिंतीवर बसतात. दुसरी चूक पोर रडत असताना देण्याची. "रडताना खोल श्वास घेतो" ही समजूत उलटी आहे, रडताना छातीत फार कमी औषध जातं. खेळताना रिकामा मास्क बाहुलीला, मग स्वतःच्या तोंडाला लावू द्या. पाच-सहा वर्षांच्या पुढे मास्क काढून तोंडात धरायची नळी वापरा. रोजचा पंप झाल्यावर चूळ भरून थुंकायची, मास्क असेल तर तोंडही पुसायचं, नाहीतर जिभेवर पांढरी बुरशी धरते.

स्पेसर धुण्यातही गोम आहे. प्लॅस्टिकला घासलं की स्थिर वीज तयार होते आणि औषध आतल्या भिंतीला चिकटतं. म्हणून कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन-तीन थेंब टाकून पंधरा मिनिटं बुडवा, काढा आणि उभा निथळत ठेवा. आतून कापड फिरवू नका. नवा स्पेसरही वापरण्याआधी एकदा असाच धुवा.

डबी हलवून आवाज आला म्हणजे औषध आहे असं नाही. औषध संपल्यावरही आतला वायू आवाज करतो. पाण्यात तरंगवून बघायची युक्तीही बिनकामाची. रोज सकाळ-संध्याकाळ दोन-दोन पफ असतील तर 200 पफांची डबी 50 दिवस जाते. सुरू केल्याची तारीख डबीवर लिहा. तातडीच्या पंपाच्या वर्षात तीन डब्या संपत असतील तर आतली सूज ताब्यात नाही, हे डॉक्टरांना आकड्यानिशी सांगा.

घरातलं आणि गावातलं. उसाची तोड सुरू झाली की पाचट पेटतं आणि थंडीच्या संध्याकाळी तो धूर वर न जाता खाली बसतो. त्या वेळी खिडक्या लावा, पोराला आत घ्या. आंघोळीच्या पाण्याचा बंब, चूल, डासांची कॉइल आणि उदबत्ती यांपैकी काहीही पोर झोपतं त्या खोलीत नको. तासगाव-कवठेमहांकाळकडे बेदाण्याला गंधकाची धुरी देतात. त्यातून निघणारा सल्फर डायऑक्साइड दमेकऱ्याची नळी काही मिनिटांत आवळू शकतो, म्हणून शेडचं दार उघडताना पोर आसपास नको. हळदीच्या पॉलिशची आणि कडबा कुट्टीची धूळ त्याच माळेतली. पालीच्या खंडोबाच्या यात्रेत भंडारा उधळताना पोराला खांद्यावर घेऊन गर्दीच्या मधे जाऊ नये, देव लांबूनही दिसतो. सांगलीत 2019 आणि 2021 च्या पुरानंतर भिंतींना ओल धरली. अशा भिंतीवरची बुरशी पोर घरात असताना खरवडू नका, आणि भिंत वाळल्याशिवाय रंग देऊ नका.

वाकळ, म्हणजे गोधडी, हा नाजूक विषय, कारण ती आजीनं शिवलेली असते. पण वर्षातून एकदा, दसऱ्याच्या धुण्याला बाहेर निघणारी वाकळ म्हणजे धुळीतल्या किड्यांचं गावच. उन्हात टाकून किडे मरतात, पण त्यांची विष्ठा आत राहते आणि त्रास तीच देते. पोराला सोलापुरी चादर द्या, आठवड्याला 60 अंशाच्या आसपास गरम पाण्यात भिजवून धुता येते. केळं, दही, पेरू सरसकट बंद केल्यानं मात्र दमा थांबत नाही.

अटॅकमध्ये काय करायचं ते डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. साधारण पद्धत अशी: पाच वर्षांखाली तातडीच्या पंपाचे 2 ते 4 पफ, पाच वर्षांपुढे 4 ते 6, एकेक करून. वीस मिनिटांनी पुन्हा, तासात तीन वेळांपर्यंत. नेब्युलायझर (औषधाची वाफ देणारं मशीन) यापेक्षा वरचढ नाही, आणि वीज गेली की तोही गेला. बरगड्यांमधली जागा आत ओढली जाते, नाकपुड्या फुलतात, वाक्य तोडून बोलावं लागतं, तान्हं पीत नाही, ओठ निळसर होतात किंवा पोर सुस्त पडतं, यांतलं एकही दिसलं तर दुसऱ्या फेरीची वाट न बघता निघा. घुरघुर थांबली आणि पोर थकलंय, तर ते बरं झालं असं समजू नका. हवा इतकी कमी जातेय की आवाजही उरलेला नाही. कोरोनातला ऑक्सिमीटर असेल तर गार बोटाला किंवा मेंदीवर लावू नका, आणि लहान बोटातून तो निसटतो हे ध्यानात ठेवा. 92 च्या खाली आकडा गेला की थेट दवाखाना. पण आकडा चांगला असून पोर ओढून श्वास घेत असेल तर विश्वास पोराच्या छातीवर ठेवा.

पाटणच्या डोंगरातल्या वाडीवरून किंवा जतच्या कडेच्या गावातून निघायचं असेल तर शहरातल्यापेक्षा एक फेरी आधीच ठरवा. 108 ला फोन लावा आणि गाडी येईपर्यंत, गाडीतही, दर वीस मिनिटांनी पफ चालू ठेवा. किती वाजता किती पफ दिले ते हातावर पेनानं लिहा. दवाखान्यात पहिला प्रश्न तोच असतो.