रिकामे एलिमेंट आणि शून्य: एक्सएमएल टेबलांत उतरवताना

रक्तातील साखरेचे मापन शून्य येऊ शकत नाही. तरीही काही वर्षांपूर्वी मी लिहिलेल्या एका क्वेरीने, म्हणजे डेटाबेसला दिलेल्या आज्ञेने, काही रुग्णांच्या नावापुढे शून्य हाच आकडा नोंदवला होता. अहवाल तपासणाऱ्या डॉक्टरांनी तो वेळीच हेरला, म्हणून कोणाच्या उपचारांवर त्याचा परिणाम झाला नाही. प्रयोगशाळेकडून आलेल्या एक्सएमएल फाइलीत, म्हणजे टॅग नावाच्या खुणांत माहिती मांडलेल्या मजकुराच्या फाइलीत, ते शून्य कुठेही नव्हते. तिथे निष्कर्षाचे एलिमेंट, म्हणजे टॅगची जोडी, उघडून लगेच बंद केलेले होते, म्हणजे चाचणी नोंदवली आहे, पण तिचा निष्कर्ष यायचा आहे. ‘यायचा आहे’ याचे ‘शून्य’ नेमके कुठे झाले, हे शोधताना एक्सएमएलमधील माहिती रिलेशनल डेटाबेसमध्ये, म्हणजे ओळी-कॉलमांच्या टेबलांत, उतरवण्याच्या कामाकडे पाहण्याची माझी दृष्टीच बदलली.

त्याआधी मी या कामाला केवळ रूपांतर समजत होतो. इकडे टॅग, तिकडे कॉलम. कोणता टॅग कोणत्या कॉलममध्ये जाईल याची यादी केली की काम संपले, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात एक्सएमएल हे झाड आहे: एलिमेंटच्या आत एलिमेंट, फांद्यांसारखी. त्यात एखादी गोष्ट अजिबात नसू शकते, असून रिकामी असू शकते, एकदा असू शकते किंवा अनेकदा असू शकते, आणि ती कोणत्या क्रमाने आली यालाही अर्थ असतो. टेबलातल्या ओळीला यांपैकी बरेच भेद माहीतच नसतात. तिथे कॉलममध्ये एक मूल्य असते किंवा नल, म्हणजे मूल्य नसल्याची खूण, असते, आणि ओळींना स्वतःचा क्रम नसतो. झाडातला प्रत्येक भेद ओळीत काय म्हणून नोंदवायचा, हा निर्णय कोणीतरी घ्यावाच लागतो. आपण तो घेतला नाही, तर डेटाबेसचे इंजिन स्वतःच्या नियमांनी घेते, आणि ते नियम इंजिनागणिक वेगळे असतात.

आम्ही त्या वेळी एसक्यूएल सर्व्हर हा डेटाबेस वापरत होतो. त्याच्या २००५ च्या आवृत्तीपासून एक्सएमएल हा स्वतंत्र डेटा टाइप आहे आणि त्यावर चालणाऱ्या मेथड आहेत. नोड्स ही मेथड झाडातल्या एखाद्या पातळीवरील प्रत्येक एलिमेंटची एक ओळ करते, तर व्हॅल्यू ही मेथड त्या ओळीतून एक्सपाथच्या (झाडातील जागेचा पत्ता, म्हणजे पाथ, लिहिण्याच्या पद्धतीच्या) आधारे एकेक मूल्य काढून सांगितलेल्या प्रकारात देते. आमच्या फाइलीत एका अहवालाखाली अनेक चाचण्या असत. म्हणून मी आधी अहवालांच्या ओळी केल्या, मग क्रॉस अप्लायने, म्हणजे प्रत्येक ओळीला तिच्या आतल्या ओळी जोडणाऱ्या जोडणीने, प्रत्येक अहवालाखालच्या चाचण्यांच्या ओळी केल्या, आणि निष्कर्ष पूर्णांक म्हणून मागितला, कारण त्या फाइलीतल्या चाचण्यांचे निष्कर्ष पूर्णांकांतच येत. दिसायला क्वेरी नेटकी होती.

चूक झाली ती व्हॅल्यूच्या आतील पाथमध्ये. मी पाथ निष्कर्षाच्या एलिमेंटपर्यंतच नेला होता. एलिमेंट अस्तित्वात असले की, ते रिकामे असले तरी, त्याचे मूल्य रिकामी स्ट्रिंग, म्हणजे एकही अक्षर नसलेला मजकूर, मानले जाते, आणि एसक्यूएल सर्व्हर रिकामी स्ट्रिंग पूर्णांकात बदलताना शून्य देतो. तारखेचा प्रकार मागितला असता, तर त्याच रिकाम्या एलिमेंटमधून १ जानेवारी १९०० ही तारीख निघाली असती. दशांश संख्येचा प्रकार मागितला असता, तर मात्र रूपांतराची त्रुटी येऊन क्वेरी थांबली असती, आणि ते थांबणे आमच्या हिताचे ठरले असते. उपाय छोटा होता. पाथ एलिमेंटवर न थांबवता त्याच्या आतील टेक्स्ट नोडपर्यंत, म्हणजे आतल्या प्रत्यक्ष मजकुरापर्यंत, न्यायचा. रिकाम्या एलिमेंटच्या आत टेक्स्ट नोडच नसतो, त्यामुळे पाथला काही सापडत नाही आणि नल मिळते. स्कीमा (रचनेचे लिखित नियम) न जोडलेल्या एक्सएमएलवर असा पाथ बहुधा वेगानेही चालतो, हा वरचा लाभ.

इतक्यावर समाधान मानता येत नाही, हे नंतर लक्षात आले. एलिमेंट नसले तरी नल आणि रिकामे असले तरी नल, असे झाल्यावर ‘चाचणी सांगितलीच नव्हती’ आणि ‘चाचणी झाली, निष्कर्ष यायचा आहे’ या दोन वेगळ्या गोष्टी टेबलात एकसारख्या दिसू लागतात. म्हणून मी स्थितीचा एक वेगळा कॉलम ठेवला आणि एक्झिस्ट या मेथडने, जी पाथला काही सापडल्यास १ आणि न सापडल्यास ० देते, तो भरला. काही प्रणाली रिकामेपणा स्पष्ट सांगण्यासाठी एलिमेंटवर ‘निल’ नावाचे, टॅगमध्येच लिहिले जाणारे प्रमाणित अ‍ॅट्रिब्यूट लावतात. मात्र डेटाबेस त्याची दखल आपोआप घेईल, असे गृहीत धरू नये. पोस्टग्रेएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसचे, एक्सएमएलमधून ओळी आणि कॉलम काढणारे एक्सएमएलटेबल हे फंक्शन त्या अ‍ॅट्रिब्यूटकडे सरळ दुर्लक्ष करते. ते अ‍ॅट्रिब्यूट वाचायचे असेल, तर आपणच वाचावे लागते.

पोस्टग्रेएसक्यूएलचा उल्लेख आलाच आहे, तर एक तुलना करतो. त्यात एक्सएमएल टाइप ८.३ या आवृत्तीत, म्हणजे २००८ मध्ये आला, आणि एक्सएमएलटेबल १० व्या आवृत्तीत, २०१७ मध्ये. एक्सएमएलटेबल हे फंक्शन आयएसओ या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या एसक्यूएल (डेटाबेसच्या क्वेरी-भाषेच्या) मानकाच्या चौदाव्या भागातले आहे. हा भाग पूर्णपणे एक्सएमएललाच वाहिलेला असून तो प्रथम २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. ओरॅकल आणि डीबी२ या डेटाबेसांतही हेच फंक्शन आहे, त्यामुळे एका ठिकाणी शिकलेले पुष्कळसे दुसरीकडे उपयोगी पडते. मला ते नोड्स आणि व्हॅल्यू या जोडीपेक्षा वाचायला सोपे वाटते, कारण ओळीचा पाथ, कॉलमची नावे, त्यांचे प्रकार, त्यांचे पाथ आणि मूल्य न सापडल्यास काय घ्यायचे, हे सगळे एकाच ठिकाणी लिहिलेले असते. माझ्या त्या चुकीच्या बाबतीतही तिथे वेगळे घडले असते. रिकाम्या एलिमेंटची रिकामी स्ट्रिंग पूर्णांकात बदलता येत नाही म्हणून पोस्टग्रेएसक्यूएलने त्रुटी दिली असती. डिफॉल्ट मूल्यही तिथे उपयोगी पडले नसते, कारण ते पाथला काहीच सापडले नाही तरच लागू होते.

पुनरावृत्तीच्या बाबतीतही हाच फरक दिसतो. एसक्यूएल सर्व्हरची व्हॅल्यू मेथड पाथमधून एकच मूल्य येईल याची हमी आधीच मागते, म्हणून आपण सवयीने पाथला कंस घालून शेवटी चौकटी कंसात १ लिहितो. हा १ फार गांभीर्याने लिहायला हवा. त्याचा अर्थ ‘हे एकच आहे’ असा नसून ‘अनेक असले तरी पहिले घ्या, बाकीची सोडा’ असा आहे. एखाद्या दिवशी पाठवणाऱ्याने एका चाचणीखाली मूळ आणि सुधारित असे दोन निष्कर्ष दिले, तर सुधारित निष्कर्ष कसलाही आवाज न होता गळून पडतो. एक्सएमएलटेबलमध्ये साध्या प्रकारच्या कॉलमच्या पाथला एकापेक्षा अधिक मूल्ये सापडली, तर पोस्टग्रेएसक्यूएल त्रुटी देऊन थांबते. आयात करताना मला थांबणारी क्वेरी अधिक विश्वासाची वाटते. जिथे इंजिन थांबत नाही, तिथे मी मोजणीची वेगळी तपासणी लिहितो: जे एलिमेंट मी एकच मानले आहे, ते कुठेही दोनदा आले आहे का?

नवख्यांना सर्वाधिक छळणारी गोष्ट नेमस्पेसची, म्हणजे टॅगचे नाव कोणत्या नामसंचातले आहे हे सांगणाऱ्या ओळखीची, आहे. फाइल उघडावी, टॅग डोळ्यांना स्पष्ट दिसावेत, पाथही अक्षरशः तसाच लिहावा, आणि क्वेरीने एकही ओळ न देता शांतपणे संपावे, असा अनुभव मला अनेकांनी सांगितला आहे आणि मी स्वतःही घेतला आहे. कारण बहुधा मूळ एलिमेंटवर जाहीर केलेल्या डिफॉल्ट नेमस्पेसमध्ये असते. तिथे एकदा जाहीर झाले की आतले सर्व बिनउपसर्गाचे (नावाआधी नेमस्पेसची खूण नसलेले) एलिमेंट त्या नेमस्पेसचे होतात. उलट एक्सपाथ १.० मध्ये बिनउपसर्गाचे नाव म्हणजे कोणत्याही नेमस्पेसमध्ये नसलेले नाव. दोन्ही नावे दिसायला सारखी असली, तरी ती वेगळीच नावे आहेत. एसक्यूएल सर्व्हरमध्ये क्वेरीच्या आरंभी डिफॉल्ट नेमस्पेस जाहीर करता येते. पोस्टग्रेएसक्यूएलच्या एक्सएमएलटेबलमध्ये डिफॉल्टची सोय नाही, म्हणून आपल्या पसंतीचा एखादा उपसर्ग ठरवून तो पाथमधील प्रत्येक एलिमेंटच्या नावाला लावावा लागतो. अ‍ॅट्रिब्यूटना मात्र डिफॉल्ट नेमस्पेस लागू होत नाही, त्यामुळे त्यांच्या नावांना उपसर्ग लावला की पुन्हा हाती काही लागत नाही. नेमस्पेस न पाहता कोणत्याही ठिकाणचे त्या नावाचे एलिमेंट शोधण्याची एक पळवाटही आहे. शोध घेताना मी ती वापरतो, पण आयातीच्या कायमच्या क्वेरीत ती ठेवत नाही, कारण उद्या दुसऱ्या नेमस्पेसमधील त्याच नावाचे एलिमेंट त्या फाइलीत आले तर ते वेगळे ओळखता येणार नाही.

ओळी जोडण्यातही दोन सापळे आहेत. क्रॉस अप्लाय ज्या अहवालाखाली एकही चाचणी नाही तो अहवालच वगळतो. तो राहायला हवा असेल, तर आउटर अप्लाय घ्यावा लागतो. दुसरा सापळा अधिक फसवा आहे. एका अहवालाखाली १२ चाचण्या आणि ३ शेरे असतील आणि दोन्ही एकाच क्वेरीत अहवालाला जोडले, तर ३६ ओळी होतात आणि पुढची प्रत्येक बेरीज बिघडते. चाचण्या आणि शेरे ही भावंडे आहेत, त्यांचे एकमेकांशी नाते नाही. म्हणून त्यांच्यासाठी दोन टेबले आणि दोन क्वेरी असाव्यात. शेऱ्यांना स्वतःचा क्रमांक नसेल, तर त्यांचा क्रमही जपावा लागतो. एक्सएमएलटेबलमध्ये त्यासाठी ‘फॉर ऑर्डिनॅलिटी’ हा कॉलम मिळतो, जो प्रत्येक ओळीला १ पासून क्रमांक देतो.

मूळ फाइलीचे काय करायचे, याबद्दल माझे मत ठाम आहे: ती जशी आली तशीच, बाइटनिशी, जपावी. त्यासाठी एक्सएमएल टाइपचा कॉलम पुरेसा नाही. एसक्यूएल सर्व्हर एक्सएमएल साठवताना फाइलीच्या आरंभीची, एन्कोडिंग वगैरे सांगणारी घोषणा काढून टाकतो, वेगळे सांगितले नाही तर निरर्थक मोकळी जागा गाळतो, आणि अ‍ॅट्रिब्यूटचा क्रम राखत नाही. क्वेरीसाठी यात काही बिघडत नाही, पण सही केलेला दस्तऐवज असेल किंवा पुढे वाद झाल्यास ‘आम्हाला नेमके काय मिळाले होते’ हे दाखवायचे असेल, तर मूळ बाइट बायनरी कॉलममध्ये वेगळे असणे आवश्यक आहे. त्या शून्यांच्या प्रकरणात आम्हाला सर्व अहवाल पुन्हा उतरवता आले, ते मूळ फाइली जागेवर होत्या म्हणूनच.

फाइल आत घेतानाही ती बाइटच्या रूपातच घ्यावी. एसक्यूएल सर्व्हरमध्ये ओपनरोसेटने फाइल वाचताना सिंगल ब्लॉब हा पर्याय घेतला, की घोषणेत लिहिलेल्या एन्कोडिंगनुसार, म्हणजे अक्षरे बाइटांत लिहिण्याच्या पद्धतीनुसार, पार्सर (एक्सएमएल वाचून उलगडणारा भाग) स्वतः अक्षरे ओळखतो. ती आधी मजकूर म्हणून वाचली, तर अक्षरे एकदा आपल्या समजुतीने उलगडलेली असतात आणि घोषणा दुसरेच सांगत असते. मग एकतर एन्कोडिंग बदलता येत नाही अशी त्रुटी येते, किंवा देवनागरीतील नावे ओळखू न येणाऱ्या चिन्हांत रूपांतरित होतात.

एसक्यूएल सर्व्हरसाठी लिहिलेल्या जुन्या कोडमध्ये ओपनएक्सएमएल हे एक्सएमएलच्या ओळी करणारे साधन अजून भेटते. त्याच्या पद्धतीत दस्तऐवज आधी स्मृतीत मांडून ठेवावा लागतो, आणि त्यासाठीचा पार्सर एसक्यूएल सर्व्हरला उपलब्ध असलेल्या स्मृतीचा एक अष्टमांश भाग वापरू शकतो. काम झाल्यावर तो दस्तऐवज काढून टाकण्याची प्रोसिजर चालवली नाही, तर ती जागा अडकून राहते. नव्या कामासाठी मी ही पद्धत सुचवणार नाही. फाइलच फार मोठी असेल, तर ती डेटाबेसच्या बाहेर स्ट्रीमिंग पार्सरने (फाइल एकदम न उचलता वाचत जाणाऱ्या पार्सरने) एकेका अहवालाच्या तुकड्यांत फोडून मग आत घ्यावी.

एक्सएमएल कॉलममध्येच ठेवून त्यावर वारंवार क्वेरी करायच्या असतील, तर इंडेक्सचा, म्हणजे शोध जलद करणाऱ्या सूचीचा, प्रश्न येतो. एसक्यूएल सर्व्हरमध्ये प्राथमिक एक्सएमएल इंडेक्स करता येतो, पण त्यासाठी टेबलाची प्रायमरी की (प्रत्येक ओळ ओळखण्याची खूण) क्लस्टर्ड, म्हणजे ओळी तिच्याच क्रमाने साठवणारी, असावी लागते, आणि संपूर्ण झाड ओळींत मांडले जात असल्याने तो मूळ मजकुरापेक्षा बराच मोठा होऊ शकतो. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये एक्सएमएल टाइपला तुलनेची चिन्हेच नाहीत, म्हणून त्या कॉलमवर थेट इंडेक्स होत नाही. एखाद्या पाथच्या निकालाचे मजकुरात रूपांतर करून त्यावर इंडेक्स करावा लागतो. माझ्या अनुभवात ज्या पाथवर इंडेक्सची गरज भासते, त्याचे मूल्य जवळजवळ नेहमीच साध्या कॉलममध्ये असायला हवे होते.

त्या घटनेनंतर आमच्या प्रत्येक आयातीच्या शेवटी, व्यवहार (ट्रान्झॅक्शन) कायम करण्यापूर्वी, तीन मोजण्या होतात. मूळ झाडातील चाचण्यांची संख्या टेबलातील नव्या ओळींच्या संख्येशी जुळते का, हे आधी पाहिले जाते. मग रिकाम्या निष्कर्षांची झाडातील संख्या ‘यायचा आहे’ या स्थितीच्या ओळींइतकीच आहे का, हे तपासले जाते. शेवटी शून्य लिहिलेले निष्कर्ष झाडात जितके आहेत तितकेच टेबलात आहेत का, हे पाहिले जाते. तिन्हींपैकी एक जरी जुळली नाही, तरी संपूर्ण फाइलीची आयात रद्द केली जाते आणि कोणीतरी ती उघडून वाचते.