तुम्ही विचारलंत म्हणून: व्हिक्टोरियन घराला ओल का येते?

लंडन, मँचेस्टर, बर्मिंगहॅमच्या उपनगरांत जुनं घर घेणारी मराठी मंडळी हमखास विचारतात: “घर १८८० च्या सुमाराचं, बांधकाम दणकट, तरी भिंतींना ओल कशी? जमिनीतली ओल वर चढू नये म्हणून भिंतीत रसायनाचं इंजेक्शन द्या म्हणतात, द्यावं का?”

घाई करू नका. आधी भिंत समजून घ्या.

ही भिंत भरीव असते, नऊ इंच, म्हणजे साधारण २२५ मिलिमीटर. बाहेरून बघितलं तर बहुतेकदा एक वीट लांब, शेजारची आखूड, पुन्हा लांब अशी रांग दिसते. आखूड दिसणारी वीट भिंतीच्या आरपार गेलेली असते. मधे पोकळी सोडून दुहेरी भिंत बांधणं सर्रास झालं ते १९२० नंतर. त्यामुळे ही भिंत पाऊस थोडा पिते आणि वारा सुटला की सांध्यांतल्या चुन्यातून तो ओलावा बाहेर टाकते. आपल्या वाड्यांच्या चुन्यातल्या भिंतीही अशाच वागतात.

घोटाळा होतो तो पुढे. कोणीतरी विटांमधले झिजलेले सांधे सिमेंटने भरतं. सिमेंट घट्ट, त्यातून ओलावा निघत नाही, मग तो विटेतून वाट काढतो. थंडीत तेच पाणी विटेत गोठून फुगतं आणि विटेचा दर्शनी पापुद्रा सुटतो. जवळ जाऊन बघा: सिमेंटची रेघ कडक, पुढे आलेली, आणि वीट मागे खचलेली, भुगा होणारी. असं दिसलं की ओलीचं एक कारण सापडलं समजा.

दुरुस्ती चुन्यानेच करा. सांधा १० मिलिमीटरचा असेल तर २० ते २५ मिलिमीटर खोल खरवडा, तेही हातोडी-छिन्नीने; ग्राइंडर घसरला की विटांच्या कडा कापल्या जातात. धूळ काढा, विटा भिजवा. नॅचरल हायड्रॉलिक चुना (पाण्याने घट्ट होणारा; ३.५ ही त्याच्या ताकदीची प्रत) ३.५ क्रमांकाचा एक भाग आणि चरचरीत वाळू अडीच भाग; विटा फारच मऊ असतील तर चुना २ क्रमांकाचा. भरलेला सांधा थोडा आवळला की ताठ ब्रशने ठोका आणि आठवडाभर ओलं गोणपाट लावून ठेवा. पारा ५ अंशांखाली जाणार असेल तर काम काढूच नका.

आता खाली बघा. जमिनीलगत जाळीच्या विटा असतात. आतल्या लाकडी जमिनीखालची हवा त्यांतून खेळते. गार वारा येतो म्हणून लोक त्या बुजवतात, आणि तुळयांना बुरशी धरते. बागेची माती किंवा नवी फरशीही चढत चढत भिंतीच्या तळाशी घातलेल्या स्लेटच्या (पाटीच्या दगडाच्या) ओलरोधक थराच्या वर जाते. बाहेरची जमीन त्या थरापेक्षा किमान १५० मिलिमीटर खाली हवी. निम्म्या तक्रारी फावड्याने मिटतील, असं माझं ठाम मत आहे.

डाग कुठे आहे तेही बघा. जमिनीपासून मीटरभर चढलेला, वर क्षारांची पांढरी कड असलेला डाग खालच्या ओलीचा. छपराजवळचा असेल तर पन्हळ फुटलीय किंवा पानांनी तुंबलीय. कपाटामागे, कोपऱ्यात काळे ठिपके असतील तर ती घरातलीच वाफ: कुकर, अंघोळ, रेडिएटरवर वाळत घातलेले कपडे. तिथे इंजेक्शन काय करणार? स्वयंपाकघरात, न्हाणीघरात हवा बाहेर फेकणारा पंखा बसवा, बुजवलेल्या धुरांड्याला जाळी ठेवा, कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा.

इंजेक्शनचा सल्ला बहुधा भिंतीत टोचून ओल मोजायच्या मीटरच्या आकड्यावरून येतो. ते मीटर लाकडासाठी जुळवलेलं असतं. गिलाव्यात क्षार असले की आकडा उगाच चढतो.

कारण काढल्यावर लगेच रंग देऊ नका. भरीव भिंत महिन्याला साधारण इंचभर वाळते, असा ढोबळ हिशोब आहे. नऊ इंचांना नऊ महिने धरा. मग आत चुन्याचा गिलावा आणि वर चुन्याची सफेदी. प्लास्टिक इमल्शन नको.