सांबराची नोंदवही, दिवस चौथा: फोटो नाही, घात वाऱ्याचा

ठिकाण: गोव्यातला सांगे तालुका, नेत्रावळी अभयारण्याच्या हद्दीबाहेरची काजूबाग, मालकाच्या परवानगीने. मार्चचा पहिला रविवार. माणसे चार, कॅमेरे दोन. सांबराचा एकही फोटो नाही.

आपल्याकडे जुन्या शिकाऱ्यांची वाटा काढण्याची विद्या अजून लोकांच्या तोंडी आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार शिकारीला बंदी आहे आणि ती असायलाच हवी. पण ती विद्या कॅमेऱ्यालाही तितकीच लागते. मीठ किंवा खाद्य टाकून जनावर बोलावणे आम्ही करत नाही. झाडाखाली जे आपोआप पडते, त्याच्यावरच बसायचे.

या वेळी जागा सावरीमुळे निवडली. फेब्रुवारी-मार्चमध्ये सावरीची मांसल फुले गळतात. सांबर (कोकणीत मेरू) आणि भेकर (भुंकणारे लहान हरीण) दोघेही ती आवडीने खातात, आणि वर वांदर असतील तर सडा जास्तच पडतो. झाड व्हाळाच्या (ओढ्याच्या) काठी आहे. आदल्या संध्याकाळी ओल्या मातीत ठसे मोजले: सांबराचे ७ ते ८ सेंटिमीटर लांब, भेकराचे साडेतीनच्या आसपास. रानडुकराचा ठसा सांबराच्या पिल्लाचा वाटू शकतो. मऊ चिखलात डुकराच्या मागच्या दोन नख्या खुरांच्या बाहेर उमटतात, तेवढी खूण पुरते. कडा ठिसूळ झालेल्या नव्हत्या, आत पाला पडलेला नव्हता, म्हणजे वाट चालू होती. रात्री खाली चरून पहाटे व्हाळ ओलांडायचा आणि समोरच्या उतारावर चढून बसायचे, असा क्रम ठशांच्या दिशेवरून दिसत होता.

बैठक झाडापासून ४५ मीटरवर, व्हाळाच्या खालच्या अंगाला. ५०० मिमी भिंग आणि फुल फ्रेम कॅमेरा असेल तर ४५ मीटरवर चौकटीत साधारण सव्वातीन मीटर रुंदी मावते. उभे सांबर पूर्ण येते आणि भोवती थोडी जागाही उरते. मोनोपॉड (एकपायी आधार), आवाज न करणारा इलेक्ट्रॉनिक शटर, डोक्यावरच्या टॉर्चला लाल काच. हरणांना लाल रंग फारसा जाणवत नाही, निळा मात्र ठळक दिसतो. म्हणून नीळ घातलेले किंवा चकाकी आणणाऱ्या पावडरीत धुतलेले कपडे नकोत. एकाची जीन्स निळी होती. तिच्यावर खाकी चादर टाकली.

५:२० ला जागेवर. पहाटेची थंड जड हवा उतारावरून व्हाळाच्या वाटेने खाली वाहते. बैठक खाली असेल तर माणसाचा वास आणखी खालीच जातो. गेल्या उन्हाळ्यातला सावरीचा कापूस डबीत ठेवला होता. चिमूटभर सोडला की वारा कळतो, आणि वारा पाहायच्या पावडरीला असतो तसा त्याला स्वतःचा वासही नसतो. ५:३० ते ७:२० कापूस सरळ खाली जात होता. ६:५० ला आयएसओ ६४००, एफ ६.३, शटर १/६०. इतका मंद शटर जनावर स्तब्ध असेल तरच कामाचा. ७:०५ ला भेकर भुंकले, पण दूर, बागेच्या पलीकडे.

७:३५ ला कापूस जागीच घुटमळला. इथेच उठायला हवे होते. ऊन आमच्या बैठकीवर अजून आले नव्हते, म्हणून वारा फिरायला वेळ आहे असे धरून बसलो. हिशेब चुकला. ऊन समोरच्या पूर्वाभिमुख उतारावर आधी पडते. तिथली हवा तापून वर चढते आणि आपल्या बाजूची थंड हवा व्हाळ ओलांडून तिकडे ओढली जाते. सांबराची वाट त्याच उतारावर. ७:५० ला तिथून 'ढाँक' असा इशारा, पाय आपटल्याचा आवाज, पुन्हा दोनदा 'ढाँक'. मग पाचोळा वाजत वर गेला. पाठही दिसली नाही. एकदा असा इशारा झाला की त्या सकाळी ती वाट संपली असे समजावे. पुढे बसणे म्हणजे जनावराला उगाच त्रास.

दुसरी चूक येण्याच्या वाटेची. चौघे व्हाळातून वर आलो आणि एका ठिकाणी सांबराची वाट छेदली. तिथे राहिलेला वास बराच वेळ टिकतो. शिवाय किंदळीचा आणि सागाचा वाळका पाला. तो आदल्या दिवशी खराट्याने झाडून पाऊलभर रुंद पट्टा करायला हवा होता.

संध्याकाळी ४:३० ते ६:४५ पुन्हा तिथेच. तेव्हा समुद्राचा वारा पश्चिमेकडून खोऱ्यात शिरतो आणि जनावर वरच्या रानातून खाली उतरते, म्हणजे वास थेट त्याच्या नाकात. वारा पडेपर्यंत फोटोला उजेड उरत नाही. ही जागा संध्याकाळची नाही, हे पक्के झाले.

गोचिडीबद्दल: गोव्यातल्याच सत्तरी तालुक्यात २०१५ पासून माकडतापाचे (गोचिडीमुळे होणाऱ्या तापाचे) रुग्ण आढळले आहेत, आणि डिसेंबर ते मे हा गोचिडीच्या पिल्लांचा जोर. सांगेतही काळजी तीच. विजार मोज्यात खोचावी, गोचीड दूर ठेवणारे डेपा तेल लावावे, पाल्यावर थेट बसू नये, घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात टाकून अंग तपासावे. आसपास मेलेले माकड दिसले तर हात न लावता आरोग्य केंद्राला कळवावे.

परतताना कुंपणाजवळ तारेचा एक फास दिसला. जागा नोंदवून वनखात्याला कळवले. बागेत फिरताना जमिनीपासून ढोपरभर उंचीवरच्या तारा पाहत चला, त्या काजूच्या सावलीत चटकन दिसत नाहीत.

पाचव्या दिवसासाठी: माणसे दोनच. येणे उत्तरेकडच्या बांधावरून, व्हाळ न ओलांडता. बैठक ३० मीटर आणखी खाली, त्यासाठी १.४चा कन्व्हर्टर (भिंगाची पोच १.४ पट करणारा), त्यात एक स्टॉप, म्हणजे निम्मा उजेड जातो, म्हणून ७ च्या आधी शटर दाबायचे नाही. नजर समोरच्या उतारावर. तिथे पहिले ऊन पडले किंवा कापूस घुटमळला, यातले जे आधी घडेल तेव्हा सामान आवरायचे.