वासासमोर दीड तास

स्टॉकहोममध्ये एकच दिवस हातात होता, तो यूरगोर्डन बेटावर घालवला. वासा म्युझियममध्ये शिरले तर आत एवढा अंधार, की आधी कुणाच्या तरी पायावर पाय दिला. डोळे सरावले आणि समोर अख्खं जहाज, वासा नावाची स्वीडिश युद्धनौका! १० ऑगस्ट १६२८ला निघालं नि जेमतेम १३०० मीटरवर कलंडलं. वरचा भार जास्त, तळाशी वजन कमी; वाऱ्याचा झोत आला, तोफांच्या उघड्या झरोक्यांतून पाणी शिरलं, खेळ खल्लास. बाल्टिकच्या कमी खारट पाण्यात लाकूड पोखरणारा किडा जगत नाही, म्हणून ३३३ वर्षांनी, १९६१ मध्ये, ते वर काढता आलं.

मला सगळ्यात आवडला तो जहाजाच्या पुढच्या टोकापाशी बाकाखाली दबून बसलेला लाकडी पोलिश सरदार. शत्रूची टर उडवायला कोरलेला, तेही खलाशांच्या शौचकूपाजवळ! काय खुन्नस ही!

शेजारचं नॉर्डिस्का म्युझियम मात्र घाईत उरकलं. आर्तूर हाझेलियसने १८७३ मध्ये सुरू केलेला हा लोकजीवनाचा संग्रह. पण पाय बोलायला लागले होते. मुख्य दालनातल्या, स्वीडनचा राजा गुस्ताव वासाच्या अवाढव्य पुतळ्याखाली बसले आणि चक्क डुलकी काढली.