तुम्ही विचारलंत म्हणून: पार्टच्या कंपनीचा शेअर घेऊ का?

जळगावात स्पेअर पार्टचं दुकान आहे म्हटलं की लग्नात भेटा नाहीतर दहाव्याला, प्रश्न ठरलेला, "भाऊ, गाड्या तर वाढतच चालल्या, मग पार्टच्या कंपनीचा शेअर घेऊन टाकू का?" घ्या ना, मी कोण अडवणारा. फक्त विक्रीचा आकडा दाखवून मला पटवायला येऊ नका.

एका मार्चचं सांगतो. कंपनीचं नाव घेणार नाही, माल अजून तिचाच ठेवतो. महिना संपायला आला आणि सेल्समन दुकानात ठाण मांडून बसला, शेठ टार्गेटला कमी पडतंय, क्लच प्लेट घ्या, ब्रेक लायनर घ्या, पैसे जूनमध्ये द्या, नाही खपलं तर परत करा. घेतला मी, असा माल कोण सोडतो? धुळ्या-भुसावळच्या दुकानदारांनीही घेतला. मेमध्ये रिझल्ट आला, विक्री जोरात! त्यातली थोडी माझ्या माळ्यावर खोक्यात पडलेली, वरची पट्टीसुद्धा फाडली नव्हती. शेअर घ्यायला निघालेल्या दाजींना म्हटलं, कंपनीची दुकानदारांकडची उधारी किती वाढली बघा, हातात कॅश आली का बघा. ते म्हणे, तुला धंद्यातलं कळतं, शेअरमधलं नाही. घेतले त्यांनी. दिवाळीआधी आम्ही माल परत केला, विक्री बसली, शेअर बसला, आणि आता ताईकडे गेलो की दाजी माझ्याशी पावसापाण्याचंच बोलतात. मी काय केलं त्यांचं?

उलटंही होतं. 22 सप्टेंबर 2025ला बऱ्याच पार्टवरचा जीएसटी 28चा 18 टक्के झाला, त्याआधी आम्ही कोणी माल उचलेना. ती तिमाही बघून कंपनी बुडाली म्हणणार का?

आणि अमेरिकेतली ऑटोझोन, ती पार्टच्या दुकानांची साखळी, मला सांगू नका. तिथं दुकान कंपनीचंच, आणि सप्लायरला पैसे इतक्या उशिरा देते की रॅकवरचा माल जवळपास त्यांच्याच पैशांचा. इथं दुकान माझं, पैसा कंपनीचा अडकलेला. तिथंसुद्धा त्याच धंद्यातल्या ॲडव्हान्स ऑटो पार्ट्सनं मे 2023च्या शेवटी शेअरमागचा तिमाही डिव्हिडंड, म्हणजे नफ्यातला वाटा, दीड डॉलरवरून 25 सेंटवर आणला आणि शेअर एका दिवसात तिसऱ्या हिश्श्याहून जास्त पडला.

पूर्वी मीच म्हणायचो, काउंटरवर खपतं त्याचा शेअर घ्यावा. अजूनही ते सगळं खोटं वाटत नाही, रावेर-सावद्याच्या केळीच्या गाड्या दिल्लीला जाणार तोवर लायनर घासणारच. पण बदलताना ड्रायव्हर कंपनीचा मागेल की लोकल, हे तो दुकानात येईपर्यंत मलाच माहीत नसतं.